मागच्या कप्प्यातली चार पोती

शनिवारी सकाळी सातला एव्हर्टचा फोन आला, म्हणजे कुणाचं तरी वाटोळं झालेलं असणार हे रिन्स्केने ओळखलं.

"समुद्रबांधावर जा. एक कॅरॅव्हान आडवी झालीय, आपल्याकडे विमा आहे तिचा. आणि हसू नकोस, रस्ताभर बटाटे पडलेत."

"किती?"

"गाड्या उचलणारा ट्रकवाला म्हणतो, एक लग्न उठेल."

रिन्स्के नौता एकवीस वर्षं नेदरलँड्सच्या फ्रीसलँड प्रांतातल्या एका छोट्या विमा संस्थेत नुकसान तपासत होती. एव्हर्ट तिचा साहेब. दावा आला की त्याला आधी नकाराचं कलम आठवायचं, माणूस नंतर.

समुद्रातून जाणाऱ्या बांधावरच्या रस्त्यावर वारा कानशिलं सुन्न करत होता. पांढरी कॅरॅव्हान, गाडीमागे ओढून न्यायचं ते चाकांवरचं घर, कुशीवर पडली होती आणि ओढणारी गाडी रस्त्यात तिरकी, पण चाकांवर उभी, अजून तिला जोडलेलीच होती. मागचा बाहेरचा कप्पा उघडला होता. तिथून चार पोती फाटून बटाटे गवतापर्यंत गेले होते.

मालक आउके ब्राउन्स्मा कठड्यावर बसला होता. अडुसष्ट वर्षांचा, पाणफाटकावरचा निवृत्त माणूस. त्याची बायको लिस्बेत हिला खांदा मोडला म्हणून इस्पितळात नेलं होतं.

"हे बटाटे माझे नाहीत," तो म्हणाला. "आत पलंगाखाली दोन पिशव्या आहेत, पाच-पाच किलोच्या, बरोब्बर चाकांच्या वर. तेवढेच माझे."

"मग हे मागचे कुणाचे?"

"मला ठाऊक असतं तर मी इथे असा बसलो असतो का, बाई?"

रिन्स्केने आत डोकावून पाहिलं. दोन पिशव्या खरंच होत्या. शेजारी दोन घडीच्या खुर्च्या एकाच पट्ट्याने बांधलेल्या होत्या, हातांवरचं कापड दोन्हींचं सारखंच झिजलेलं. रिन्स्केने तो पट्टा उगाच चाचपला. तिच्याकडे सहा वर्षांपासून एकच खुर्ची होती. नवरा शेजारणीकडे राहायला गेला तेव्हा दुसरी घेऊन गेला होता. त्याच्या आधी वर्षभर तिला संशय होता, सगळे तिला वेडी म्हणत होते, आणि शेवटी संशय खरा निघाला होता. तेव्हापासून कुणाचाही संशय तिला खराच वाटायचा.

ट्रकवाला साखळी लावता लावता बोलला. "बाईंचं एक नवलच पाहिलं. खांदा मोडलेला, तोंड पांढरंफटक. तरी पडलेला एक बटाटा उचलला, अंगठ्याने चोळला, वास घेतला, आणि टाकून दिला. नवरा हात धरायला गेला तर तिने हात झटकला."

रिन्स्केनेही एक बटाटा उचलला आणि खिशात टाकला.

सोमवारी एव्हर्टने निकाल जवळजवळ लावूनच टाकला होता.

"गाडीला जोडलेली होती. म्हणजे कठड्याचं नुकसान गाडीच्या विम्यातून जाईल. आपल्या गळ्यात फक्त कॅरॅव्हान. परवानगी चौदाशे किलोची. गुरुवारच्या काट्याची चिठ्ठी म्हणते तेराशे बासष्ट. आता गोळा करून तोललं तर चौदाशे बासष्ट. जास्त भार, वर तोही चाकांच्या मागे. पुढच्या जोडदांड्याचं नाक उचललं गेलं, शेपूट हललं, वाऱ्याने आडवी केली. भार मालकाने घातला असेल तर एक सेंट द्यायचा नाही."

"तो म्हणतो, त्याने नाही घातला."

"आपल्याकडची म्हातारी माणसं फ्रान्सला जाताना बटाटे नेत नाहीत, असं तू मला सांगतेस? माझे वडील तर कोबीसुद्धा न्यायचे."

रिन्स्केने फाईल उचलली. तिचेही न्यायचे.

ब्राउन्स्मांच्या घरी दुपारी कॉफी मिळाली, सोबत एकेक बिस्कीट, आणि डबा लगेच बंद झाला. लिस्बेत खिडकीशी बसली होती, हात झोळीत. आउके स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, दुसऱ्याच्या घरी आल्यासारखा.

"चिठ्ठी गुरुवारची. निघालात शनिवारी. मधे कॅरॅव्हान कुठे होती?" रिन्स्केने विचारलं.

"दारात. तोलून आणली ती गाडीला जोडलेलीच ठेवली. पहाटे पाचला अंधारात निघालो."

"म्हणजे निघताना नाक हाताने उचलून, भार किती ते पाहिलंच नाही?"

"गुरुवारी पाहिलं होतं. झक्क होतं."

"मागच्या कप्प्याचं कुलूप फोडलेलं नाही. किल्ल्या किती?"

"एक माझ्याकडे. दुसरी घराच्या जादा जुडग्यात."

"शुक्रवारी घरात कुणी नव्हतं असं झालं?"

"सकाळी. लिस्बेत केस करायला गेली होती, मी मासळीच्या गाडीवर. प्रवासाआधी दरवर्षी असंच असतं. गावाला पाठ आहे."

रिन्स्के लिस्बेतकडे वळली. "तुम्हाला काय वाटतं, बाई? कुणी घातले असतील?"

"त्याला विचारा," लिस्बेत खिडकीबाहेर पाहत म्हणाली. "कुठून आणले ते विचारा त्याला."

दारापर्यंत पोचवायला आलेल्या आउकेचा आवाज खाली गेला. "पैसे बुडाले तर बुडू देत, नौताबाई. शनिवारपासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. चव्वेचाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. मी खोटं बोललो असं तिला वाटतंय, आणि कशाबद्दल तेच मला कळत नाही. तेवढं शोधून काढा."

हे काम विम्याचं नव्हतं. पण एखाद्या नवऱ्याला बायकोच्या एका शब्दाची इतकी भूक असावी, याचाच रिन्स्केला आधी हेवा वाटला.

काटा लावणारा सिब्रेन गॅरेजवाला होता. कॅरॅव्हान मंडळाच्या लोकांना तोलून देणं त्याचं दर वर्षीचं काम.

"नेहमी शनिवारी नऊला तोलतो, चौकात. मग तिथेच कॉफी होते आणि दहाला सगळे रांगेने निघतात. वीस वर्षांचा शिरस्ता. यंदा वाऱ्याचा अंदाज वाईट होता, लोकांना पहाटेच बांध ओलांडायचा होता. म्हणून बुधवारी फोनवरच्या गटात टाकलं, काटा गुरुवारी संध्याकाळी. अकरा घरं, अकराही आली."

"शनिवारी चौकात कुणी नव्हतं तर."

"मी होतो, शटर उघडत. आणि योके. बिचारी कॉफीची किटली घेऊन उभी होती, कुठे गेले सगळे म्हणून विचारत. म्हटलं, पाचलाच गेले. तर तिचा चेहरा असा उतरला, मला वाटलं खाली बसते की काय."

"योके कोण?"

"योके बाउमा. वोब्बे होता तोवर दोन्ही जोड्या बरोबरच जायच्या, पुढे आउके, मागे वोब्बे. दोन वर्षांपूर्वी वोब्बे गेला. तिने कॅरॅव्हान विकली. ओढून न्यायची कशी तिने एकटीने?"

"आता आउकेच्या मागे कोण असतं?"

सिब्रेनने नाक मुरडलं. "उट्रेख्ट शहरातले फ्लोरिस आणि मिरियम. नवीन आलेत. त्यांच्या कॅरॅव्हानला माझ्या घरापेक्षा जास्त खिडक्या आहेत."

फ्लोरिस फोनवर सापडला, फ्रान्समध्ये, नदीकाठी.

"तुम्ही अपघातस्थळी थांबलात?"

"अर्थात. रुग्णवाहिका बोलावली. दहा मिनिटं होतो. पुढचं आरक्षण होतं हो आमचं."

"सिब्रेन म्हणतो, तिथल्या कॅरॅव्हान तळावर नदीला लागून पहिल्या रांगेतली जागा ब्राउन्स्मांची असते. ती रिकामी आहे?"

तो जरा अडखळला. "आम्ही लावलीय तिथे. रिकामी कशाला ठेवायची?"

एव्हर्ट असता तर इथेच टाळी वाजवली असती. ज्याचा फायदा त्याचा हात! पण रिन्स्केला ते पटेना. बांधावर फ्लोरिस आउकेच्या बरोब्बर मागे होता. पुढची कॅरॅव्हान उलटावी असं योजून कुणी स्वतःची नवीकोरी तिच्या शेपटाला लावत नाही. शिवाय त्याच्याकडे किल्ली कुठली?

बुधवारी ती योकेच्या घरी गेली. योके सत्तरीला टेकलेली, पण दंड शेतकरणीचे. मागच्या दारात सायकलला जोडायची दोनचाकी ढकलगाडी उभी होती. योके बटाटे धूत होती. तिने पाणी सोडून दिलं तसं मोरीच्या तळाशी काहीतरी करकरलं.

"आउके इथे येतो?"

"यायचा. वोब्बे गेल्यावर कौलं नीट केली, नळ बदलला. वसंतापासून फिरकला नाही."

"का?"

"लिस्बेतला विचारा." योकेने सुरी जरा जोरातच चालवली. "बरोबर चल असं एकदा म्हणाली नाही. एक पलंग जादा आहे त्यांच्यात. पण टोमॅटोंना पाणी घालायला योके हवी. किल्ल्यांचा जुडगा टाकला माझ्या अंगावर, झालं. आणि त्या खिडकीवाल्या बाईच्या गळ्यात गळा."

"तुम्हाला त्यांचा राग आला."

"राग कसला? जळफळाट झाला. सरळ सांगते. बावीस वर्षं माझी जागा होती ती."

"बटाट्यांबद्दल काय म्हणणं आहे तुमचं?"

"माझं काय असणार? सगळेच नेतात. पण सिब्रेनच्या काट्यावर हे कळायला नको होतं? तो काटा असतो कशाला मग?" एवढं बोलून तिने नळ पुन्हा सोडला.

गाडीत बसून रिन्स्केने खिशातला बटाटा काढला. त्याच्यावर वाळलेली माती होती, पिवळट, भुरभुरीत. अंगठा फिरवला की कणकण गळत होते. पलंगाखालच्या बटाट्यांवर राखाडी चिखल पापुद्र्यासारखा बसला होता. हे गाव समुद्राच्या चिकणमातीवरचं. इथल्या वावरात वाळू औषधालाही मिळत नाही, पण योकेच्या मोरीत तीच करकरली होती.

मग लिस्बेतने अंगठा का फिरवला, ते तिला कळलं. आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो जुनाच. आउके चोरून योकेकडे जातो. बायको केस करायला गेली की हा तिकडे, आणि प्रेमाची भेट म्हणून चार पोती. दुधाने तोंड पोळलेली बाई, तिला ताकाची वाटीही वाफाळलेली दिसली. तिने अहवालाच्या दोन ओळी लिहूनही टाकल्या.

घरी गेल्यावर तिने तो बटाटा उकडला. अर्धा तास झाला तरी फुटला नाही. तिने काटा खुपसला, तर आत मेणासारखा घट्ट. ती उठली आणि त्या दोन ओळी खोडून टाकल्या.

शुक्रवारी चार वाजता तिने तिघांना ब्राउन्स्मांच्या बैठकीत बसवलं. योके कोट न काढता खुर्चीच्या कडेला टेकली. लिस्बेतने तिच्याकडे पाहिलंही नाही.

"हिला कशाला बोलावलं?" लिस्बेत म्हणाली.

"सांगते. आधी बटाटे. आपली माणसं फ्रान्सला बटाटे का नेतात?"

"तिथले फुटत नाहीत म्हणून," आउके म्हणाला. "साबणासारखे. रस्सा मुरत नाही त्यात."

"बरोबर. तुमच्या दोन पिशव्या पिठूळ बटाट्यांच्या होत्या. मागची चार पोती मात्र घट्ट, न फुटणाऱ्या बटाट्यांची. तसला बटाटा तिथे प्रत्येक बाजारात ढिगाने मिळतो. मग शंभर किलो इथून कोण ओढत नेईल? ते खाण्यासाठी ठेवलेच नव्हते. वजन म्हणून ठेवले होते. आणि बटाटेच निवडले, कारण आपल्यातल्या कुणाच्याही कॅरॅव्हानमध्ये ते सापडले की सगळे हसतात आणि मालकालाच दोष देतात. माझ्या साहेबांनीही तेच केलं."

"अपघात व्हावा म्हणून?" आउकेने विचारलं.

"नाही. काट्यावर पकडलं जावं म्हणून. शनिवारी नऊला चौकात सगळ्यांसमोर काटा शंभर किलो जास्त दाखवील, आउकेची फजिती होईल, उपसाउपशी करेपर्यंत रांग निघून जाईल. एवढाच बेत होता. पण काटा गुरुवारीच झाला होता. म्हणजे हे करणाऱ्याला ते माहीत नव्हतं. मंडळातल्या अकराही घरांना माहीत होतं. माहीत नसलेलं, आणि किल्ली असलेलं, आणि गावात वाळूतला बटाटा असलेलं माणूस एकच. योकेबाई, तुमच्या मोरीत वाळू करकरते. कुठून येतात तुमचे बटाटे?"

योकेने कोटाची कॉलर ओढून घेतली. "पूर्वेकडून, वाळूच्या रानातून. भाऊ आणून टाकतो."

"बुधवारी तुम्ही मला म्हणालात, हे काट्यावर कळायला हवं होतं. गुरुवारचा काटा ठाऊक असता तर असं म्हणाला नसतात. काटा शनिवारचाच, हे तुमच्या मनात इतकं पक्कं होतं की अपघातानंतरही ते सुटलं नाही. शुक्रवारी ढकलगाडीतून किती खेपा केल्यात?"

"दोन." योके एकदम बोलायलाच लागली. "हो, मीच. मला पाहायचं होतं ते खिडकीवाले थांबतात का. नसतेच थांबले! दहा मिनिटंही थांबले नसते. आणि मी असते तिथे, किटली घेऊन. पोती घरी न्यायला माझीच गाडी लागली असती. मग लिस्बेत म्हणाली असती, योके, तू होतीस म्हणून. एवढंच ऐकायचं होतं मला. चौक रिकामा दिसला तेव्हा माझा जीवच गेला. लिस्बेतला तीनदा फोन केला. उचलला नाही."

"माझा खांदा जागेवर बसवत होते तेव्हा," लिस्बेत म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. "मला वाटलं, फोन आउकेसाठीच करतेयस."

आउके दोघींकडे आळीपाळीने पाहत होता. "माझ्यासाठी? कशाला?"

"लिस्बेतबाईंनी बांधावरच ओळखलं होतं बटाटे कुणाचे ते," रिन्स्के म्हणाली. "चिकणमातीतल्या शेतकऱ्याची मुलगी त्या. अंगठा फिरवला आणि वाळू लागली. बटाटे योकेचे, म्हणजे आउके तिच्याकडे जातो आणि लपवतो. म्हणून सहा दिवस अबोला. चूक त्यांची एकटीची नाही, मलाही तेच वाटलं होतं. पण ज्याला नाकावरचा भार नेमका ठाऊक आहे, तो माणूस भेट मिळालेली पोती शेपटात भरत नाही. आउकेसाहेब खरं बोलले, पहिल्या दिवसापासून."

आउकेने तोंडावरून हात फिरवला. रागवावं की रडावं हे त्याला ठरवता येईना.

"एक विचारू?" योके म्हणाली. "गटात बुधवारी निरोप आला म्हणतात. मीही होते त्या गटात. कॅरॅव्हान विकली तरी होते. वसंतात एक दिवस बघते तर मी नाही. कुणी काढलं मला?"

रिन्स्केने गट तपासला होता. उत्तर तिच्या वहीत होतं, पण ते तिने वाचलं नाही.

मग लिस्बेतने झोळीतला हात जरा वर सरकवला.

"मी," ती म्हणाली. "कौलं झाली, नळ झाला, मग कुंपण निघालं. दर मंगळवारी काहीतरी. तुझ्याकडून येताना हा शीळ घालत यायचा. घरी कधी घातली नाही त्याने शीळ."

"अगं, सायकलवर वारा पाठीमागून असायचा," आउके म्हणाला. तो खरंच तेवढाच विचार करणारा माणूस होता.

योके हसायला गेली आणि तिला रडू फुटलं.

लिस्बेतने डोळे पुसले नाहीत. "काय लिहिणार तुम्ही?" तिने रिन्स्केला विचारलं.

"घडलं ते. त्रयस्थाने, मालकाच्या नकळत, भार घातला. तुमची कॅरॅव्हान भरून मिळेल. मग संस्था योकेबाईंच्या मागे लागेल, पोलिसही येतील."

"आणि मी केलं ते?"

"ते आम्ही विचारत नाही."

योके उठली. कोटाचं बटण तिच्याने लागेना. आउके सवयीने अर्धा उठला, लिस्बेतकडे पाहिलं आणि पुन्हा बसला.

"तू मला मारलं असतंस," लिस्बेत योकेला म्हणाली. "हे मी विसरणार नाही. माफही केलेलं नाही." मग तिने शनिवारनंतर पहिल्यांदा नवऱ्याकडे तोंड केलं. "ऊठ. सोडून ये तिला. बटणही लागत नाहीये तिला, सायकलवरून पडेल."

आउके उठला. गाडीची किल्ली घेतली आणि दारातच थांबला.

"तूही चल," तो बायकोला म्हणाला.

"मी? या खांद्याने?"

"पुढे बस. मी हळू चालवीन."

लिस्बेतने नाही म्हटलं, दोनदा म्हटलं, आणि उठली. आउकेने तिच्या अंगावर कोट टाकला. योके मागच्या सीटवर बसली. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत तिघांतलं कुणी मागे पाहिलं नाही. रिन्स्के नावाची कुणी बाई आपल्या बैठकीत बसलीय हे कुणाला आठवलंच नाही.

तिला तिघांचाही हेवा वाटला, योकेचासुद्धा. इतकं करूनही तिला कुणीतरी घरी सोडायला गेलं होतं. रिन्स्के थोडा वेळ तशीच बसली. मग तिने चारही कप विसळून पालथे घातले आणि बाहेरून दार ओढून घेतलं.